खिडकी, खराटा आणि लाल पेट्या: इंग्लंडमधले आठ दिवस

पहिला दिवस: लंडन

लंडनजवळ रेडिंगला भाच्याकडे उतरलो होतो. "मामी, फोटो काढायचे तर पहाटे जा, गर्दी नसते," असं त्याने बजावलं होतं. त्याची पहाट म्हणजे सात. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्यच सव्वासात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे आमची साताऱ्याची पहाटेची सवय वाया गेली. चारला उठून मी कॅमेऱ्याची बॅटरी तीनदा तपासली आणि ह्यांनी दशम्यांचा डबा बांधला.

आमची विभागणी आधीच ठरलेली आहे. कॅमेरा माझा, पाठीवरची पिशवी, छत्री, थर्मास आणि "झालं का?" हा प्रश्न ह्यांचा. हे टपाल खात्यातून निवृत्त झालेत. फोटोत त्यांना तसूभरही रस नाही, पण बायको रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसलेली असताना मागून गाडी येत नाही ना, हे बघायला माणूस लागतोच.

वेस्टमिन्स्टर पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन थेट घड्याळाच्या मनोऱ्यावर आलं होतं. सगळे ज्याला बिग बेन म्हणतात ते खरं आतल्या साडेतेरा टनांहून जड घंटेचं नाव. मनोऱ्याला 2012 पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. 2017 ते 2022 अशी पाच वर्षं दुरुस्ती चालली, तेव्हा तबकडीचा काळा रंग खरवडून मूळचा गडद निळा परत आणला. मध-पिवळा दगड, निळे काटे, मागे धुतल्यासारखं आकाश. मी त्रेसष्ट फोटो काढले. दुपारी बाकावर बसून ते पाहिले, तर त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटो आमच्या बँकेच्या दिनदर्शिकेवर असतो तसेच. कुठेही चूक नव्हती आणि माझं असंही त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी टॉवर ब्रिजसमोर ट्रायपॉड उघडला, तर एक सुरक्षारक्षक आला. अतिशय नम्रपणे म्हणाला, ही जागा खासगी आहे, इथे ट्रायपॉड चालत नाही. नदीकाठ, लोक फिरतायत, मुलं सायकली चालवतायत, आणि जागा खासगी! इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मी वाचून आले होते. पण सार्वजनिक दिसणारी प्रत्येक जागा सार्वजनिक नसते हे वाचायचं राहिलं होतं. चार पावलं सरकून रस्त्यावर आलो. ह्यांचा मफलर चार पदरी घडी करून कठड्यावर ठेवला, त्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. दिवे लागलेल्या पुलाचा फोटो अगदी स्थिर आला. हे थंडीने कुडकुडत म्हणाले, "झालं का?"

दुसरा दिवस: पिकाडिली ते प्रिमरोझ हिल

आज लाल वस्तूंचा दिवस. पिकाडिलीवर रॉयल अकादमीच्या बर्लिंग्टन हाऊसच्या कमानीत टेलिफोनची एक लाल खोली आहे. जवळ जाऊन बोटाने ठोकलं तर आवाज लाकडाचा येतो. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराने 1924 च्या स्पर्धेसाठी केलेला हा मूळ नमुना. पुढे तशाच ओतीव लोखंडाच्या खोल्या लंडनभर उभ्या राहिल्या. बॅटरसीचं प्रचंड वीजघरही ह्याच माणसाने घडवलं. टेलिफोनच्या खोलीचा घुमट त्याला एका थडग्यावरून सुचला असं मानतात. जॉन सोन हा त्याच्या आधीच्या शतकातला वास्तुकार, त्याची समाधी सेंट पॅनक्रस ओल्ड चर्चच्या आवारात आहे. तीही बघून आलो. चारी बाजूंनी कमान, वर बुटका घुमट. एकदा दिसला की साम्य नजरेतून जात नाही.

आता ह्या खोल्यांतून फोन फारसं कुणी करत नाही. कुठे हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र ठेवलंय, कुठे पुस्तकं. एकीत कुणीतरी रिकामी कॉफीची कपबशी नीट कोपऱ्यात ठेवून गेलं होतं. तिचा फोटो काढला.

ह्यांना मात्र आज त्यांचा विषय सापडला: टपालपेट्या. प्रत्येक पेटीवर ती ज्या राजाच्या किंवा राणीच्या काळात बसली त्याची अक्षरं ओतलेली असतात, आणि राजा बदलला म्हणून जुनी पेटी काढून टाकत नाहीत. व्हिक्टोरियाची व्ही आर, एलिझाबेथची ई टू आर. आठव्या एडवर्डने 1936 साली वर्षही पुरं न करता सिंहासन सोडलं, त्यामुळे त्याच्या पेट्या अगदी मोजक्या. सुरुवातीला पेट्या हिरव्या असत. लोकांना त्या दिसतच नसत, म्हणून 1874 पासून लाल करायला घेतल्या. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं, भर रस्त्यात पेटीवर हात ठेवून, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. "शेवटची उचल साडेपाचला," पाटी वाचून म्हणाले. "आपल्या पेटीवर पाटी होती, पण खडूने वेळ लिहायला कुणाला सवड असायची!"

दुपारी चॉक फार्म स्टेशनला उतरून किंग हेन्रीज रोडवर गेलो. क्रमांक 10. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहत. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये हे घर विकत घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे. बाहेर निळी गोल पाटी. रस्ता शांत, एका ओळीत सारखी घरं, शेजारच्या दाराशी लहान मुलाची तीनचाकी. फाटकाशी नागपूरकडचं एक कुटुंब उभं होतं. वडिलांनी आधी डोक्यावरची लोकरीची टोपी काढून खिशात घातली, मग मुलाच्या बुटाची सुटलेली नाडी खाली वाकून बांधली, मग माझ्या हातात त्यांचा फोन दिला. "ताई, पाटी आली पाहिजे." पाटी उंचावर, मुलगा बुटका. दोन्ही एका चौकटीत येईनात. शेवटी मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन आडवा फोन उभा केला. पाटी आली, मुलगा आला आणि तीनचाकीसुद्धा आली. "जय भीम" म्हणून ते निघाले. माझ्या कॅमेऱ्यात त्यांचा फोटो नाही, कारण विचारायचं सुचलंच नाही.

तिसरा दिवस: लॅकॉक

खरं म्हणजे सगळा प्रवास ह्या एका खिडकीसाठी आखला होता. रेडिंगहून रेल्वेने चिपनम, तिथून बस. लॅकॉक हे विल्टशरमधलं दगडी गाव. 1944 मध्ये तिथल्या टॅलबट घराण्यातल्या मटिल्डाबाईंनी मठ आणि गाव नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. गावात डोक्यावर वायर दिसत नाही, घरावर अँटेना नाही. म्हणून ऐतिहासिक मालिकांचं चित्रीकरण इथे सारखं चालतं. फोटो काढणाऱ्याला हे वरदान वाटेल. मला थोडं चुकल्यासारखं झालं. वायर नसली की कोपऱ्यावर कावळा कुठे बसणार?

मठ 1232 सालचा, इला नावाच्या काउंटेसने ख्रिस्ती जोगिणींसाठी बांधलेला. पुढे ते टॅलबट मंडळींचं राहतं घर झालं. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटला चित्रं काढता येत नसत. इटलीत सरोवराकाठी चित्र जमेना म्हणून तो वैतागला आणि प्रकाशालाच कागदावर चित्र काढायला लावता येईल का, ह्याच्या मागे लागला. मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट चोपडलेला कागद, आणि वितभरही नसलेल्या लाकडी पेट्या. त्या पेट्या तो घराभोवती जागोजाग ठेवून द्यायचा. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. त्या एका शब्दावरून मला ती बाई लख्ख कळली. नवऱ्याच्या छंदाला घरोघरी असंच एखादं नाव असतं.

ऑगस्ट 1835 मध्ये अशाच एका सापळ्यात ही खिडकी सापडली. दक्षिण दालनातली जाळीदार खिडकी, मठात शिरून जिना चढलं की उजेडाकडे तोंड करून उभी. आज हयात असलेल्यांत ती जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह. आकार टपालाच्या तिकिटाएवढा. हे ऐकल्यावर आमच्या टपाल खात्याने प्रथमच कान टवकारले. "तिकीट तेव्हा निघालंच नव्हतं," ते म्हणाले. "पेनी ब्लॅक 1840 चं." म्हणजे फोटो तिकिटाहून थोरला.

टॅलबटने त्या चिठोऱ्यावर लिहून ठेवलंय की पहिल्यांदा केली तेव्हा भिंगातून काचेचे सुमारे दोनशे तुकडे मोजता येत होते. हे लगेच मोजायला लागले. ओठ हलवत, एक बोट हवेत. एक्क्याऐंशीवर आले तेव्हा शाळेची सहल मधे आली. पुन्हा पहिल्यापासून. मी तोवर कॅमेऱ्याशी झगडत होते. काचेबाहेरचं आभाळ पांढरं, आत दालन अंधारं. बाहेरच्याला न्याय दिला तर भिंत काळी ठिक्कर, भिंत दाखवावी तर काच जळून जाते. सगळ्या तडजोडी करून बघितल्या. शेवटी काचेचं मोजमाप धरलं आणि भिंत काळी होऊ दिली. पडद्यावर उरलं ते फक्त उजेडाचे चौकोन आणि मधल्या शिशाच्या रेषा. टॅलबटचं उलटं: त्याच्या निगेटिव्हमध्ये उजेड काळा आणि रेषा फिक्या. ह्या उलटेपणातच त्याची मेख होती. फ्रान्सात त्याच काळात फोटोच्या मागे लागलेल्या दाग्येरचं चित्र सुंदर यायचं, पण एकच. टॅलबटच्या पुढे सुधारलेल्या पद्धतीत एका उलट्या कागदावरून सुलट्या प्रती हव्या तेवढ्या. पुढे दीडशे वर्षं आपण सगळ्यांनी कृष्णधवल आणि रंगीत रोल धुतले ते ह्याच हिशेबावर.

पण मी खरी अडकले ती फाटकाजवळच्या संग्रहालयात. तिथे टॅलबटच्या 1844 च्या एका छायाचित्राची प्रत आहे. अर्धं उघडं दार, आतला काळोख, भिंतीवर कंदील, आणि दाराला तिरका टेकवलेला खराटा. काटक्यांचा, आपल्या अंगणात असतो तसला. त्याची सावली दारावर पडलीय, खराट्याला समांतर. बाकी काही नाही.

"खराट्याचा फोटो?" हे म्हणाले.

"हो."

"आणि हा प्रसिद्ध आहे?"

प्रसिद्ध म्हणजे, छायाचित्रं लावून विक्रीला काढलेल्या पहिल्या पुस्तकातला आहे. त्यात टॅलबटने स्वतःच म्हटलंय की डच चित्रकारांनी रोजच्या साध्या गोष्टी रंगवून ठेवल्यात, त्यांचा आधार आम्हाला पुरे. घर म्हणजे अख्खा मठ, कमानी, मनोरा, सगळं हाताशी. आणि माणूस तबेल्याच्या दाराशी खराटा टेकवून ऊन तिरपं होण्याची वाट बघत बसलाय.

त्रेसष्ट मनोऱ्यांपैकी साठ मी बसमध्येच पुसले.

चौथा दिवस: रेडिंग

दिवसभर पाऊस. कपडे धुतले. भाच्याच्या घरात हिटरवर वाळत घातलेल्या पायमोज्यांचे चार फोटो. हे झोपले.

पाचवा दिवस: यॉर्क

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून दोन तासांत यॉर्क. उतरल्याबरोबर मान वर गेली: 1877 सालचं स्टेशन, लोखंडी खांबांवरचं काचेचं छत आणि रूळ वळणावर असल्यामुळे छतही वळत गेलेलं. गाडीतून उतरणारे लोक झपाझप बाहेर जातात आणि पाच-दहा जण माझ्यासारखे खांबाला टेकून उभे.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली, वरचे मजले एकमेकांना टेकायला आलेले. तिथे इतकी गर्दी की माझ्या फोटोत फक्त इतरांचे उंच धरलेले फोन आले. मिन्स्टर म्हणजे इथलं भव्य चर्च, त्याच्या पूर्वेच्या रंगीत काचेपुढे बसून राहिलो. जॉन थॉर्नटनने 1405 ते 1408 मध्ये ती केली. तिचा फोटो काढला नाही. काही गोष्टींपुढे माझी लेन्स फारच छोटी आहे.

दुपारी शहराच्या तटावरून चाललो. तिथून लोकांच्या घरांच्या पाठी दिसतात, आणि धुराडी. एकेका धुराड्यावर मातीची पाच-सहा नळकांडी, कुंभाराने ओळीने मांडल्यासारखी. "एका नळकांड्याखाली एक शेगडी," हे म्हणाले. "मोज म्हणजे खोल्या कळतील." खरंच. घराचा ऐवज असा छपरावर मांडलेला. इथला उजेड त्याला पोषक: दुपारी बारालाही सूर्य क्षितिजावरून तीसेक अंशच वर येतो. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी सावली पायाशी गोळा होते. इथे दिवसभर ती लांब पडलेली. चार वाजता करायचं काम दिवसभर करता येतं.

सहावा दिवस: व्हिटबी

यॉर्कहून बस माळरानातून जाते. हेदर ह्या माळावरच्या झुडपाचा जांभळा बहर सप्टेंबरातच ओसरतो, आता सगळं तपकिरी, मधेमधे मेंढ्या. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पहिल्या बाकड्यावर आम्ही दोघं आणि दोन शाळकरी मुलं. चौघांनाही तीच जागा हवी होती.

व्हिटबी हे समुद्राकाठचं गाव. टेकडीवर मठाचे अवशेष, आणि वर जायला 199 पायऱ्या. ह्यांनी मोजल्या. बरोबर निघाल्या. लॅकॉकच्या काचांचा हिशेब इथे भरून निघाल्यासारखे ते वर बसले.

मी आले होते फ्रँक मेडो सटक्लिफसाठी. 1853 ते 1941 असं आयुष्य लाभलेला हा छायाचित्रकार पोट भरायला सुटीवर आलेल्या लोकांचे स्टुडिओत फोटो काढायचा आणि मिळेल त्या वेळात धक्क्यावर जायचा. जाळी घेतलेले कोळी, आमिष लावणाऱ्या बायका, भिंतीवर लोंबकळणारी पोरं. 1886 मध्ये त्याने बंदरात होडीभोवती उघडीनागडी डुंबणारी मुलं टिपली; गावातले धर्मगुरू खवळले, आणि युवराजाने त्याची मोठी प्रत विकत घेतली. त्याच्याकडे लाकडी कॅमेरा आणि काचेच्या जड पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक फोटो. मी धक्क्यावर पहिल्या अर्ध्या तासात एकशे दहा काढले होते. मग ठरवलं, आता बारा. फक्त बारा.

बारा म्हटल्यावर हात थांबतो. शेवंडं पकडायचे पिंजरे रचून ठेवले होते, निळे-भगवे दोर, त्यात अडकलेलं शेवाळ. दहा मिनिटं नुसती उभी राहिले. ढग सरकला, तेव्हा एक. एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, काढू का तुमचा? तो म्हणाला, "माझा कशाला, तो देखणा बघ," आणि खांबावरच्या सीगलकडे बोट दाखवलं. मग दोघांचा मिळून काढला. तिसरा फोटो फुकट गेला: थंडीतून मासे-बटाट्याच्या गरम दुकानात शिरले आणि लेन्सवर आतून-बाहेरून धुकं धरलं. पुसायला गेले तर तेलकट बोट लागलं. हे म्हणाले, "सटक्लिफला बटाटे आवडत नसणार."

परतीच्या वाटेवर दगडी भिंतीत चिणलेली छोटी टपालपेटी दिसली, पाचव्या जॉर्जची. बाराव्या फोटोचा मान तिला. कपाळावर रंगाचे इतके थर की अक्षरं सुजल्यासारखी.

सातवा दिवस: सॉल्टेअर, ब्रॅडफर्ड

टायटस सॉल्ट हा लोकरीचा गिरणीमालक. अल्पाकाच्या लोकरीवर मोठा झाला आणि ब्रॅडफर्डच्या धुरातून बाहेर पडून नदीकाठी त्याने 1853 मध्ये नवी गिरणी सुरू केली, तिच्याभोवती कामगारांसाठी आखीव गाव. रस्त्यांना पोराबाळांची नावं. गावात दारूचा गुत्ता काढू दिला नाही. गिरणगावात नातलग असलेल्या मराठी माणसाला चाळ आणि गिरणी हे गणित समजावून सांगावं लागत नाही; फक्त इथली चाळ दगडी आणि 2001 पासून जागतिक वारसा. गिरणीत आता पुस्तकं आणि ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनीची चित्रं. समोरून सगळे फोटो काढत होते, आम्ही मागच्या बोळात गेलो. ओळीने मागची दारं, दोरीवर एकच पिवळी चादर.

ब्रॅडफर्डच्या विज्ञान आणि माध्यम संग्रहालयात गेलो, कारण लॅकॉकची ती तिकिटाएवढी निगेटिव्ह त्यांच्याच संग्रहात आहे. इतकी नाजूक गोष्ट उजेडात मांडत नाहीत. उजेडाने जन्माला घातलेलं चित्र उजेडापासूनच जपावं लागतं. इमारतीत कुठेतरी ती अंधारात पडून आहे, एवढ्यावर आम्ही समाधान मानलं आणि चहा प्यायलो.

परतीची गाडी रद्द. फलाटावर दीड तास. फलकाकडे माना वर करून उभी असलेली पन्नास माणसं, एकाच्याही तोंडून ब्र नाही. एक बाई फक्त "हम्" म्हणाली. त्या मानांचा फोटो ह्या प्रवासातल्या बऱ्या फोटोंपैकी आहे.

आठवा दिवस: रेडिंग, बेकर स्ट्रीट

शेवटच्या दिवशी कळलं की सगळा प्रवास भाच्याच्या घराजवळ वळून आला होता. टॅलबटचा नोकर निकोलास हेनेमान ह्याने 1844 मध्ये रेडिंगमध्ये छायाचित्रं छापायचा कारखाना काढला. खराट्याच्या पुस्तकाची पानं इथेच तयार झाली. छापणं म्हणजे काय, तर कागद चौकटीत घालून बाहेर अंगणात उन्हात मांडायचे, पापडासारखे. 1847 पर्यंत तो चालला. इंग्लंडच्या उन्हावर धंदा, म्हणजे धाडसच. लंडन आणि लॅकॉक यांच्या मधे रेल्वेवर गाव पडतं, म्हणून ही जागा निवडली असावी, असं आमचं टपाल खातं म्हणालं. वाहतुकीत त्यांना कळतं.

तो कारखाना जिथे होता त्या रेडिंगमधल्या बेकर स्ट्रीटवर गेलो. साधी घरं. कचरागाडीचा दिवस होता. प्रत्येक फाटकासमोर चाकांचे डबे बाहेर आलेले, एक रस्त्याकडे तोंड करून, दुसरा भिंतीकडे, एकाचं झाकण उघडं. तिरपं ऊन, पदपथावर डब्यांच्या लांब सावल्या. मी उकिडवी बसले. एका घरातून एक गृहस्थ सपाता घालून बाहेर आले आणि काही अडचण आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या डब्यांचा फोटो काढतेय, चालेल ना? त्यांनी डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, छत्री धरून उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघितलं. मग "एक मिनिट" म्हणून पुढे झाले, दोन्ही डबे भिंतीला लावून सरळ केले, उघडं झाकण मिटलं, त्यावरची पानं हाताने झटकली आणि बाजूला होऊन, काढा आता, अशी खूण केली.

मी आभार मानून फोटो काढला. आधीचे बरे दिसत होते.

"झालं का?" हे म्हणाले.